शेवटचं घर काकाजींचं

आमच्या ऑफिसात "कळवलं आहे" असं म्हणायची चोरी होती. म्हटलं की टेबलापलीकडून काकाजींचा आवाज यायचा, "कोनाले?" मग, "कोन गेलतं सांगाले?" आणि खरा नडायचा तो तिसरा प्रश्न, "मंग त्यानं काय म्हनलं?" नवीन होते तेव्हा मी एकदा छातीठोकपणे सांगितलं, काकाजी, ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी पाहिलं, निळ्या खुणासुद्धा आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "निळ्या खुना तं माह्या मोबाईलवरूनही जातेत. मी वाचतो का?" आणि खरंच वाचत नसत. ग्रुपवर आलेलं सगळं उघडायचे, न वाचता बंद करायचे, आणि मग मला फोन करायचे, काय टाकलं होतंस बाई, सांग बरं. माझं डोकं उठायचं.

मी कुडव्याची. सकाळी स्कूटी गोंदिया स्टेशनला लावायची, गाडी धरायची आणि अर्जुनी मोरगावला उतरायचं. तिथे बियाण्याच्या दुकानावर आमचं ऑफिस; गावांत फिरायला ऑफिसची एक दुचाकी होती, ती मी चालवायची. आमची संस्था जुने गावतलाव दुरुस्त करते. पाळ खचलेली असते, गाळ साचलेला असतो, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड मोडलेलं असतं. ऐकायला सगळं भलं वाटतं. पण तलाव दुरुस्त करायचा तर आधी तो रिकामा करावा लागतो, आणि रिकामा केला की कोणाचं ना कोणाचं काहीतरी जातं. कोणाची म्हशी धुवायची जागा, ढीवरांचे मासे, काठच्या गाळात वांगी लावणाऱ्या बायांची वाडी. हे कोणाला, कधी, कोणाच्या तोंडून सांगायचं, ते ठरवणं काकाजींकडे होतं. पंचायत समितीतून रिटायर होऊन ते आमच्याकडे आलेले. कागदावर त्यांचं पद समन्वयक. ते स्वतःला बिनडोंडीचा कोतवाल म्हणायचे.

डोंडीवर, म्हणजे दवंडीवर, त्यांचा राग होता. म्हणायचे, "डोंडी वाजते तवा जो गावात राहते त्यालेच ऐकू येते. ज्याचं नुकसान होनार तो तं पान्यात नाही तं जंगलात राहते."

म्हणून मग घरोघरी. उंच, वाळकं शरीर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि आवाज असा की शेजारच्या घरालाही फुकटात निरोप मिळावा. आणि प्रत्येक घरी पाणी. पाणी प्यायल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही हा त्यांचा नियम होता. त्या माणसाने आपल्याला पाणी दिलं म्हणजे ऐकायची तयारी दाखवली, न देताच बोलायला लागलो तर आपण नुसते सरकारी. दुपारपर्यंत पोटात तलाव झालेला असायचा आणि शेवटच्या घरी जाईस्तोवर काकाजी झाडाचा आडोसा शोधत असायचे. मी म्हणायची, घोटभर प्या ना, पेलाभर कशाला. ते म्हणायचे, "अर्धा पेला ठेवला तं तिले वाटते आपल्याले किळस आली." माझ्या आजीच्या काळी गावच्या विहिरीला हात लावायची आमच्या घरच्यांना सोय नव्हती. काकाजी पहिल्यांदा आमच्या कुडव्याच्या घरी आले तेव्हा दारातूनच त्यांनी मोठ्याने जयभीम घातला आणि आईने दिलेला तांब्या उभ्याउभ्या रिकामा केला. आई अजून ते सांगते.

दाराप्रमाणे नमस्कार बदलायचा. कुठे जयभीम, कुठे राम राम, गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जय सेवा. बोलीसुद्धा बदलायची. गोंदियाच्या व्यापाऱ्याशी हिंदी, पोवारांच्या घरी पोवारी, आणि ढीवरांकडे अशी झाडीबोली की मलाही मधूनमधून अडायला व्हायचं. पण निरोप तोच, शब्द इकडचा तिकडे नाही.

तरुणपणी काकाजींनी झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक केला होता. त्याची हौस ते आमच्यावर भागवायचे. गावात जायच्या आदल्या दिवशी ऑफिसात तालीम. आमच्या लेखापालाला सरपंच करायचे, आणि मला कायम चिडलेली बाई. "चाल, भांड माह्याशी," म्हणायचे. मी म्हणायची, मला नाही भांडता येत. "खोटं नको बोलू, सकाळी टीसीशी भांडत होतीस थे मी पाह्यलं." मग मी भांडायची. माझी वांगी बुडाली, माझी म्हैस तहानली, तुम्हाला काय जातं बोलायला. ते एकेका वाक्यावर अडायचे, पुन्हा सुरू करायचे. आणि शेवटी त्यांचा तो ठरलेला प्रश्न, जो ते प्रत्येक दारात खरोखर विचारत, "काय समजलं, मले सांगा बरं परत." समोरच्याने आपल्या तोंडाने परत सांगितलं की मगच ते उठत. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या लेखापालाला हे कधीच परत सांगता यायचं नाही आणि चहा थंड व्हायचा.

पैसा देणाऱ्या कंपनीचा एक तरुण अधिकारी एकदा मुंबईहून आला होता. भला होता बिचारा. त्याने भिंतीएवढा कागद पसरला, चार चौकोन आखले. ज्यांचं वजन जास्त आणि प्रकल्पात रस जास्त, ते वर, त्यांना धरून ठेवायचं. ज्यांचं वजन कमी आणि रसही कमी, ते खालच्या कोपऱ्यात, त्यांच्यावर नुसती नजर ठेवायची. काकाजींनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे कोन?"

"ज्यांचा प्रकल्पावर फारसा परिणाम होत नाही असे, सर."

"आनि प्रकल्पाचा त्याह्यच्यावर?"

त्या पोराने पेनला टोपण लावलं. काकाजी म्हणाले, "ज्याचं वजन जास्त त्याले सांगा लागत नाही. तो सोता विचाराले येते, गाडी घेऊन. कोपऱ्यातल्याचं घर पहिलं धरा लागते." आणि सरळ उठून त्यांनी तो कागद उलटा फिरवला आणि भिंतीला चिकटवला. अक्षरं सगळी डोक्यावर. तो पोरगा हसला, त्याने फोटोही काढला. वाचायचं असेल तर मान वाकडी करावी लागते, पण तो कागद आजही तसाच आहे.

तर, कोपऱ्यातल्याचं घर पहिलं आणि काकाजींचं स्वतःचं घर शेवटचं. नवेगाव बांधकडे ज्या तलावाचं काम आम्ही धरलं, त्याच तलावाच्या पाटाच्या शेपटाला काकाजींची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत होतं. धानाचं, उशिरा कापणीला येणाऱ्या भारी धानाचं. तलाव दुरुस्त झाला तर त्यांच्याही शेतात पाणी येणार, म्हणून ते म्हणायचे, "मले फायदा आहे. मी आखरी." घरी काकीला कधीच काही माहीत नसायचं. मी गेले की ती माझ्याकडे तक्रार करायची, "साऱ्या दुनियेले सांगते हा मानूस. आमच्या घरची गोष्ट मले बसस्टॉपवर समजते." काकाजी खाली मान घालून हसायचे.

आता यमुनाबाईचं सांगते. सांगायला जीव होत नाही, पण तिच्याशिवाय काकाजी पुरे होत नाहीत.

त्याच तलावावरच्या ढीवर मोहल्ल्यातली ही बाई. ती आणि तिचा नवरा तलावाच्या एका कोपऱ्यात बारीक जाळीचे पिंजरे बांधून बोटुकली वाढवायचे, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं. मोठी झाली की मच्छीमार सोसायटीला द्यायची. त्यावरच त्यांचं वर्ष निघायचं, दुसरं काही नव्हतं. तुडूम खोलायच्या आधी ते पिंजरे बाजूच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात हलवायला हवे होते. म्हणजे काकाजींच्या हिशेबाने पहिलं घर यमुनाबाईचंच. आणि आम्ही मोहल्ल्यात जायचं ठरवलं त्याच आठवड्यात तिचा नवरा गेला. ताप डोक्यात चढला म्हणाले.

काकाजी मातीला गेले. मीही गेले. तिच्या अंगणात बराच वेळ बसलो. यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती, कोणाकडे पाहत नव्हती. येताना गाडीवर मी विचारलं, काकाजी, पिंजऱ्यांचं? ते म्हणाले, "दुःखाच्या घरी कामाचा निरोप नेत नसतेत बाई. तेरवी होऊ दे. पानी सोडाले येळ आहे." मला ते बरोबरच वाटलं. आमच्याकडे कोणालाही वाटलं असतं. बाकीची सगळी घरं आम्ही केली, पाणी प्यालो, परत सांगवून घेतलं. तेवढं एक घर तेरवीनंतर म्हणून ठेवलं.

ठेकेदाराचं दुसरीकडचं काम अडलं. मशीन रिकामी उभी ठेवण्यापेक्षा तो ती घेऊन ठरल्याच्या आधीच गावात आला. पंचायतीत विचारलं, सगळ्यांना सांगून झालं का? झालं, म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं. तुडूम खोललं.

आम्हाला फोन आला तेव्हा काकाजी जेवायला डबा उघडत होते. तो तसाच झाकून, हातात घेऊन ते माझ्यामागे गाडीवर बसले. आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. मोहल्ला जाळी घेऊन पाण्यात, जो तो आपापल्या घाईत. ज्याला त्याला वाटलं, यमुनाबाईला कोणी ना कोणी सांगितलं असेल. आणि तिचं घर सुतकात. जाळ्याला हात लावायचा नाही, तलावाकडे यायचं नाही. तिच्या कोपऱ्यात पाणी उरलं नव्हतं. पिंजरे चिखलावर पडले होते, आणि बगळे उतरले होते.

काकाजी चपलेसकट चिखलात शिरले. मांडीपर्यंत गेले. डब्यातली भाजी-पोळी त्यांनी तिथेच सांडली, डब्यात पाणी भरलं आणि हाताने एकेक पिल्लू उचलून त्यात टाकायला लागले. मी बादली आणली. डबा घेऊन ते बोडीकडे जायचे, ओतायचे, परत यायचे. म्हातारा माणूस, पाय रुतत होते. मी म्हटलं, काकाजी, मेलेलीच आहेत ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ते तसेच चिखलाने भरलेले तिच्या अंगणात गेले. यमुनाबाईला तोवर कळलं होतं. ती उठून उभी राहिली.

"साऱ्याह्यच्या घरी गेलते म्हने तुमी," ती म्हणाली. "माह्या घरी काऊन नाही आले?"

"आलतो माय. मातीले आलतो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"दुःख होतं तुह्या घरी."

"दुःख होतं तं पोट नव्हतं का?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, काकाजींना भांडणारी बाई सांभाळता यायची, सगळी तालीम तिचीच होती. त्यांनी हात जोडले. तिने तोंड फिरवलं आणि घरात गेली.

संस्थेने नंतर नवीन बोटुकली आणून दिली, पण हंगाम हातचा गेला होता. ते वर्ष तिने दुसऱ्यांच्या धानाच्या रोवण्यावर काढलं. सोसायटीत नवऱ्याच्या जागी तिला घ्यायला लोक कुरकुरले, बीजच नाही तर ही करणार काय. ते सगळं काकाजींच्या जिवाला लागलं. एकदा गाडीवर मागून अचानक म्हणाले, "दुःखाच्या घरी मी पानी पेत नाही. पानी नाही पेलो म्हनून बोललो नाही. माही सवय होती, घर तिचं बुडालं." मी आरशात पाहिलं तर ते रडत होते. मी गाडी थांबवली नाही.

तालमी बंद झाल्या. "भांड माह्याशी" पुन्हा कधी ऐकलं नाही.

मात्र यमुनाबाईकडे जाणं त्यांनी सोडलं नाही. त्या बाजूला काम असो नसो, जायचे. अंगणात बसायचे. ती येऊन-जाऊन आपलं काम करायची, बोलायची नाही, पाणी द्यायची नाही. पाणी नाही म्हणजे काकाजींना बोलायची सोय नाही, त्यामुळे तेही गप्प. थोड्या वेळाने उठून यायचे. मी वैतागून म्हणायची, अहो, कशाला जाता अपमान करून घ्यायला? ते म्हणायचे, "तिले वाटंन तवा देईल."

सोसायटीत तिला घ्यावं म्हणून ते सरपंचापासून सगळ्यांच्या पायऱ्या झिजवत होते, पण हे तिला त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी तिला घेतलं, तिचे पिंजरे पुन्हा पाण्यात लागले. त्यानंतर कधीतरी काकाजी ऑफिसात आले ते खुर्चीवर न बसताच म्हणाले, "आज यमुनाबाईनं पानी देलं." लेखापालाला वाटलं नळ-योजनेचं काहीतरी आहे. काकाजींनी सगळ्यांना समोसे आणवले. इतकं खुश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढे ग्रामसभेत ठरलं की तुडूम खोलायच्या आधी मोहल्ल्यातलंच कोणीतरी घरोघरी जाईल, आणि सगळी घरं झाल्याशिवाय पाणी सुटणार नाही. कोण जाईल म्हणून विचारलं, तर मागून यमुनाबाई म्हणाली, "मले द्या थे काम." काकाजींनी तिला काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, "माहं घर शेवटी घेशीन." ती म्हणाली, बरं.

काकाजी गेले ते धानाच्या कापणीत. छातीत कळ आली, गोंदियाच्या दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं. डॉक्टर म्हणाले, हे बरेच महिने येत होते माझ्याकडे, घरी सांगितलं नाही का? घरी नव्हतं सांगितलं. ऑफिसात नव्हतं सांगितलं. जगाला तीन-तीन प्रश्न विचारणाऱ्या माणसाने आपल्या दुखण्याचं एका माणसालाही कळू दिलं नाही. मला अजून त्यांचा राग येतो. काकीला तर रडूही आलं नाही. ती नुसती बसून राहिली, कोणी जेव म्हटलं तर जेवली, नीज म्हटलं तर निजली.

तेरवीच्या आत मी एकदा भेटायला गेले. नातेवाईक जमलेले, ओसरीवर सतरंजी. त्यांच्या बांधीत धान कापून कडपा पडून होता. बांधायला-उचलायला घरात माणूस नव्हता. काकीचं वर्षाचं खाणं तेवढंच, आणि आता मागे कमावणारं कोणी नाही. पण त्या दिवसात धानाची गोष्ट कोण काढणार?

तेवढ्यात यमुनाबाई आली. चालत आली होती. दारात चप्पल काढली आणि सरळ काकीपुढे येऊन बसली.

"काकी, मले पानी द्या," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना वर केल्या. दुःखाच्या घरी कोणी पाणी मागत नाही. काकाजींची बहीण म्हणाली, "बाई, घरात सुतक आहे, समजत नाही का तुले?"

"समजते," यमुनाबाई म्हणाली. "काकी, पानी द्या."

काकी उठली. इतक्या दिवसांत ती आपणहून उठलेली मी पहिल्यांदा पाहिली. आतून पेला भरून आणला. यमुनाबाईने तो पुरा प्यायला, खाली ठेवला.

"खालच्या गावानं गव्हासाठी पानी मांगतलं," ती म्हणाली. "उद्या दुपारी तुडूम खोलून राहिले. पानी बांधीतून बांधीत येते, तुमच्या बांधीत धान पडून आहे. साऱ्या गावाले सांगून झालं. तुमचं घर आखरी ठेवा म्हनले होते काकाजी, म्हनून आता आली. लोकं म्हनत होते दुःखाचं घर आहे, नको जाऊ." ती थांबली. "माह्या घरी कोनी आलं नव्हतं. म्हनून मी आली."

यमुनाबाई काकीकडे पाहत होती.

"काय समजलं, मले सांगा बरं परत."

काकीचे ओठ हलले. "उद्या पानी येऊन राहिलं," ती म्हणाली. "दुपारी. त्याच्या आधी धान उचला लागते."

"कोन उचलनार?"

"कोन?" काकीने विचारलं.

"आमचा मोहल्ला येऊन राहिला सकाळी. तुमी फक्त ठेवाची जागा दाखवा."

काकीने मान हलवली. रिकामा पेला तिने उचलून हातात धरला. मग म्हणाली, "या घरी आजपर्यंत कोनी कोनती गोष्ट येळेवर सांगतली नव्हती वं," आणि यमुनाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.